मशरूमच्या कॅप्सूल, दुखणाऱ्या मांड्या आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस

भाट्याच्या वाळूवर, मांडवीला, तिकडे मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर पहाटे पळणारी पोलीस भरतीची पोरं-पोरी बघा, त्यांच्या बॅगेत हल्ली चणे-केळ्यांच्या जोडीला मशरूमच्या कॅप्सूलची डबी पण असते. कॉर्डिसेप्स, रेशी म्हणजेच गॅनोडर्मा, चागा, लायन्स मेन अशी नावं, आणि डबीवर काय तर व्यायामाने होणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घटतो, रिकव्हरी फास्ट होते, स्टॅमिना वाढतो. डबी स्वस्त नसते. घर मच्छीच्या नाहीतर आंबा-काजूच्या सीझनवर चालणारं, आणि त्यातून हे पैसे जातात, म्हणून हा विषय जरा सावकाश उलगडून सांगावासा वाटतोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्यायामानंतर स्नायूत जो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो त्यातला बराचसा शरीराला हवाच असतो, त्याच्यामुळेच स्नायू पुढच्या वेळेसाठी तयार होतो, तेव्हा "आम्ही तो कमी करतो" एवढ्यावर कुठलीही गोळी विकत घेऊ नये, मशरूमची असो नाहीतर आणखी कसली.

आता हा स्ट्रेस म्हणजे नेमकं काय ते बघू. श्वासातला ऑक्सिजन रक्तातून स्नायूच्या पेशीत पोचतो, तिथे मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भागांत अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे सरकत सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात, पाणी तयार होतं आणि ह्या सगळ्यात पेशीला ऊर्जा मिळते. मधेच एखादा इलेक्ट्रॉन निसटून थेट ऑक्सिजनला चिकटला की सुपरऑक्साइड तयार होतं. हा झाला फ्री रॅडिकल, म्हणजे ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय सुटा राहिलाय असा कण, आणि तो शेजारच्याकडून इलेक्ट्रॉन ओढायला बघतो, मग शेजारी पेशीच्या आवरणातली चरबी असो, प्रोटीन असो की डीएनए. सुपरऑक्साइडपासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि तिथे सुटं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल रॅडिकल, जो ह्या सगळ्यात जास्त त्रासदायक. हे कण जास्त झाले आणि त्यांना आवरणारी व्यवस्था कमी पडली की त्याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

पूर्वी असं धरून चालायचे की पळताना ऑक्सिजन जास्त लागतो म्हणून गळती पण जास्त, आणि सगळा दोष मायटोकॉन्ड्रियाचा. आता चित्र बदललंय. स्नायू आकुंचन पावत असताना तयार होणाऱ्या ह्या कणांचा मोठा वाटा नॅडपीएच ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमकडून येतो, जो पेशीच्या आवरणात बसलेला असतो आणि ज्याचं कामच मुळी सुपरऑक्साइड तयार करणं हे आहे. म्हणजे शरीर हे मुद्दामहून करतंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवरणारी व्यवस्था पण घरचीच. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं एन्झाइम, ज्याचा शोध १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच ह्या दोघांनी लावला, ते सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, आणि मग कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. शेवटच्याला सेलेनियम लागतं, जे बांगडा, तारली अशा आपल्या रोजच्या मच्छीतून चांगलं मिळतं.

विकणारे लोक इथे नेहमी गंजाचं उदाहरण देतात, आणि कोकणातल्या माणसाला ते लगेच पटतं कारण खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या ग्रीलची काय हालत होते ते आपण दरवर्षी बघतो. ऑक्सिजन लोखंड खातो तसाच स्नायू खातो, म्हणून अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे फ्री रॅडिकलला आवरणाऱ्या पदार्थाचा, रंग लावा, असं ते गणित. पण ग्रील स्वतःला रंग काढत नाही, स्नायू काढतो, आणि गंज सुरू झाल्याची खबर लागल्याशिवाय काढत नाही.

ही खबर म्हणजे हेच फ्री रॅडिकल. व्यायामात ते वाढले की पेशीतला एनआरएफ-टू नावाचा प्रोटीन, जो एरवी कीप-वन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनने धरून ठेवलेला असतो, तो सुटतो, पेशीच्या केंद्रात जातो आणि वर सांगितलेली संरक्षक एन्झाइम्स जास्त बनवायला लावतो. दुसरीकडे पीजीसी-वन-अल्फा नावाचा प्रोटीन वाढतो, तो नवीन मायटोकॉन्ड्रिया तयार करायच्या कामाला लागतो, आणि दम वाढतो म्हणतात त्याचा मोठा भाग हाच. गंमत बघा, १९८२ साली अमेरिकेत बर्कलीला डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर दमून पडेपर्यंत पळवले आणि स्नायूत फ्री रॅडिकल दोन ते तीन पट वाढलेले मोजले, त्याच लेखात त्यांनी लिहून ठेवलं होतं की कदाचित ह्याच्यामुळेच ट्रेनिंगनंतर मायटोकॉन्ड्रिया वाढत असतील. पण बाजाराने त्यातला पहिला अर्धा भाग उचलला, फ्री रॅडिकल वाढतात म्हणजे वाईट, आणि गोळ्या विकायला घेतल्या.

मग गोळ्या घेऊन काय होतं हे माणसांवर तपासलं गेलं, मशरूम घेऊन नाही, साध्या व्हिटॅमिन सी आणि ई घेऊन, कारण ती पण अँटिऑक्सिडंटच. २००८ साली स्पेनमध्ये गोमेझ-काब्रेरा यांच्या गटाने उंदरांना व्हिटॅमिन सी देऊन ट्रेनिंग करवलं तर त्यांच्या स्नायूत नवीन मायटोकॉन्ड्रिया बनायच्या कामात अडथळा आलेला दिसला, आणि माणसांना रोज १ ग्रॅम सी देऊन आठ आठवडे ट्रेनिंग करवलं तर त्यांचीही प्रगती तुलनेत फिकी पडली. २००९ साली जर्मनीत रिस्टो यांच्या गटाने तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी. व्यायामाने इन्सुलिन चांगलं काम करायला लागतं हा जो मोठा फायदा असतो, तो खोटी गोळी घेणाऱ्यांना मिळाला आणि व्हिटॅमिनवाल्यांना मिळाला नाही. २०१४ साली नॉर्वेत पाउलसेन यांच्या गटाने ५४ तरुण-तरुणींवर ११ आठवडे असाच प्रयोग केला, तिथे व्हिटॅमिनवाल्यांच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियाच्या खुणा तशा वाढल्या नाहीत जशा दुसऱ्यांच्या वाढल्या, मात्र प्रत्यक्ष पळण्यात आणि व्हीओटू मॅक्समध्ये, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्या मापात, दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे लगेच सगळं वाया जातं असंही नाही. पण "कमी करणं म्हणजे चांगलं" हे गणित मोडलं एवढं नक्की.

मांड्या दुखतात त्याचं काय? पहिल्या आठवड्यात पोरं विचारतात ते हेच, आणि सगळे सांगतात लॅक्टिक ॲसिड साठलं. लॅक्टेट तर पळून झाल्यावर तासाभरात उतरतं, आणि दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी कळस, मग उतार. हे दुखणं येतं स्नायू ताणला जात असतानाच जोर लावल्यामुळे, म्हणजे पाखाडी चढताना नाही, उतरताना. डोंगरातल्या वाडीतून खाली बंदरावर येणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या जोरात उतरून बघा, नाहीतर आंबोली घाटात उतारावर पळा, दम अजिबात लागणार नाही आणि दोन दिवसांनी जिना उतरताना मांड्या ओरडतील, कारण उतारावर मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला लांब होत होत तुमचं वजन पेलतो आणि त्याच्या आतले बारीक धागे सैल होतात, काही तुटतात, मग सूज, मग पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात आणि त्या पण फ्री रॅडिकल सोडतात. म्हणजे इथे फ्री रॅडिकल आहेतच, पण दुखण्याचं मूळ ते नाही. आणि चांगली गोष्ट अशी की तीच पाखाडी पंधरा दिवसांनी परत उतरलात तर निम्मंही दुखत नाही, स्नायू पहिल्या खेपेतच शिकलेला असतो. अँटिऑक्सिडंट घेऊन हे दुखणं कमी होतं का यावर कॉक्रेन ह्या संस्थेने २०१७ साली ५० ट्रायल एकत्र करून बघितल्या, हजाराच्या वर माणसं, आणि निष्कर्ष असा की फरक पडला तरी तो जाणवण्याइतका नाही.

आता मशरूमकडे येऊ.

खेळाडूंमध्ये सगळ्यात गाजलेलं नाव कॉर्डिसेप्स. हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर ही बुरशी मातीतल्या अळीच्या अंगात शिरते, तिला मारते आणि उन्हाळ्यात बर्फ वितळला की अळीच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. उत्तराखंडात पिथोरागडच्या धारचुला-मुन्स्यारी भागात लोक हिला कीडा जडी म्हणतात, मे-जूनमध्ये गावंच्या गावं ती वेचायला वर जातात. ती इतकी महाग आहे की साध्या डबीत ती असूच शकत नाही. डबीत असते ती कारखान्यात वाढवलेली तिची नारिंगी बहीण, कॉर्डिसेप्स मिलिटारिस, किंवा नुसतं तिचं तंतुजाळ, म्हणजे बुरशीचे मुळांसारखे पसरणारे बारीक धागे.

हिची कीर्ती पसरली १९९३ साली. चीनचे प्रशिक्षक मा जुनरेन यांच्या हाताखालच्या धावपटू मुलींनी बीजिंगमध्ये एकामागून एक जागतिक विक्रम मोडले, वांग जुनशियाने १०,००० मीटर २९ मिनिटं ३१.७८ सेकंदांत पळून आधीचा विक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मागे टाकला, आणि मा यांनी श्रेय दिलं कडक ट्रेनिंग, कासवाच्या रक्ताचं सूप आणि कॉर्डिसेप्सला. जगभर मागणी वाढली. पुढचं मात्र डबी विकणारे सांगत नाहीत. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकआधी मा यांच्या गटातल्या सहा धावपटूंना रक्ततपासणीनंतर संघातून वगळलं गेलं, आणि २०१६ साली चिनी माध्यमांत त्या मुलींचं १९९५ चं एक पत्र बाहेर आलं, त्यात लिहिलं होतं की आम्हाला वर्षानुवर्षं बंदी असलेली औषधं घ्यायला लावली. मला ह्या मुलींचं फार वाईट वाटतं, आणि त्यांच्या विक्रमाच्या जोरावर आज आपल्या पोरांना डबी विकली जाते याचा रागही येतो.

पण म्हणून मशरूममध्ये काहीच नाही असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॉर्डिसेप्समध्ये कॉर्डिसेपिन असतं, गॅनोडर्मात कडू चवीची ट्रायटर्पिन असतात, सगळ्यांत बीटा-ग्लुकन नावाचा धागेदार पदार्थ असतो, आणि एर्गोथायोनीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं जे १९०९ सालीच सापडलं होतं. ह्यातलं एर्गोथायोनीन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपलं शरीर ते बनवू शकत नाही, पण ते आत घ्यायला पेशीच्या आवरणात एक खास वाहक प्रोटीन आहे, म्हणजे शरीराला ते हवंय असं दिसतं, आणि आहारात त्याचा मोठा पुरवठा मशरूममधूनच होतो. बीटा-ग्लुकनचं तसं नाही, ते पोटात फारसं पचत नाही, आतड्याच्या भिंतीतल्या रोगप्रतिकारक पेशींशी त्याचा संबंध येतो, तेव्हा बीटा-ग्लुकन मांडीत जाऊन फ्री रॅडिकल पकडेल ही कल्पनाच चुकीची.

मग जाहिरातीत तो आकडा कुठून येतो, अमुक टक्के फ्री रॅडिकल नष्ट? परीक्षानळीतून. डीपीपीएच नावाचं एक जांभळं द्रावण असतं, त्यात अँटिऑक्सिडंट टाकला की जांभळा रंग जाऊन पिवळा होतो, किती गेला ते मोजायचं. चहा, कॉफी, कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल, सगळे हा रंग घालवतात. पण परीक्षानळीला आतडं नाही, यकृत नाही आणि मांडी पण नाही.

त्याच्या वरची पायरी उंदीर. इथे निकाल खरंच बरे आहेत. मशरूमचा अर्क देऊन उंदरांना दमेपर्यंत पोहायला लावलं की ते जास्त वेळ टिकतात, संरक्षक एन्झाइम्स वाढलेली दिसतात, चरबी ऑक्सिडाइज झाल्याची खूण, मॅलॉनडायअल्डिहाइड, कमी दिसते. आपल्या डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या, दिल्लीतल्या प्रयोगशाळेने पण २०११ साली कॉर्डिसेप्सवर उंदरांतलं असं काम छापलं, आणि त्यात पीजीसी-वन-अल्फा आणि एनआरएफ-टू दोन्ही वाढलेले होते. म्हणजे मशरूम फ्री रॅडिकल पुसण्याऐवजी शरीराची स्वतःची व्यवस्था जागी करत असेल, अशी शक्यता ह्यातून दिसते, आणि तसं असेल तर व्हिटॅमिन सी-ई सारखा अडथळा कदाचित येणार नाही. ही शक्यता माणसांत तपासण्यासारखी आहे.

माणसांत आत्तापर्यंत काय दिसलं? थोडं, आणि उलटसुलट. २००४ साली अमेरिकेत २२ तयारीच्या सायकलपटूंवर पाच आठवडे रोज ३ ग्रॅम कॉर्डिसेप्स, काही फरक नाही. २०१० साली ५० ते ७५ वयाच्या २० लोकांवर बारा आठवडे, त्यांची रक्तात लॅक्टेट साठायला लागायची पातळी साधारण साडेदहा टक्क्यांनी वर गेली पण व्हीओटू मॅक्स तसाच. २०१७ साली २८ तरुणांवर रोज ४ ग्रॅम मिश्रण, एका आठवड्यात काही नाही, तीन आठवड्यांनी व्हीओटू मॅक्स वाढला, पण तीन आठवडे चालू ठेवणारे त्यातले थोडेच, आणि मिश्रणात सहा प्रकारचे मशरूम, त्यामुळे कशाने काय झालं कोण सांगणार. इटलीत हौशी सायकलपटूंवर कॉर्डिसेप्स आणि गॅनोडर्मा मिळून तीन महिने दिलं, रक्ताची फ्री रॅडिकल झेलायची ताकद वाढली असं निघालं, पण माणसं किती? सात. सातजणांवर आपण कबड्डीची टीम उभी करू शकतो, निष्कर्ष नाही. शिवाय रक्तातला आकडा म्हणजे स्नायूतला आकडा नव्हे, स्नायूचा तुकडा सुईने काढून बघितल्याशिवाय तिथे काय घडलं ते कळत नाही, आणि मशरूमच्या बाबतीत ते काम जवळपास झालेलंच नाही.

एक जागा अशी आहे जिथे अँटिऑक्सिडंटचा विचार रास्त वाटतो. आपल्याकडे रात्रीच्या कबड्डी स्पर्धा असतात, सलग दोन-तीन रात्री सामने, तिथे स्नायू पुढच्या महिन्यासाठी तयार व्हावा हा हेतू नसतो, उद्या रात्री चढाईला उभं राहता आलं पाहिजे एवढंच. तेवढ्या दिवसांपुरतं चालेल. ट्रेनिंगच्या महिन्यांत रोज मोठा डोस घेण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

आणि तरीही घ्यायचंच असेल तर लेबल वाचा. बऱ्याच डब्यांत मशरूमचं फळ नसतं, तांदूळ किंवा ज्वारीसारख्या धान्यावर वाढवलेलं तंतुजाळ धान्यासकट दळलेलं असतं, आणि मग लेबलवर पॉलिसॅकराइड ४० टक्के वगैरे लिहितात, जे ऐकायला भारी वाटतं पण पॉलिसॅकराइडमध्ये स्टार्च पण येतो, म्हणजे तुम्ही भाताचं पीठ मशरूमच्या भावात घेताय. बीटा-ग्लुकन किती टक्के हे वेगळं लिहिलेलं असेल तर ठीक. घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे, कॅप्सूल फोडून पूड गरम पाण्यात ढवळा, गार होऊ द्या, आयोडीनचे दोन थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर स्टार्च भरपूर आहे, कारण मशरूम स्वतः स्टार्च साठवत नाही. नंतर ते पाणी फेकून द्या, प्यायचं नाही. अमेरिकेत बाजारातून घेतलेल्या १९ रेशी उत्पादनांची तपासणी २०१७ साली छापून आली, लेबलला जुळणारी फक्त ५ निघाली. आपल्याकडे एफएसएसएआय ह्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी लायसन्स नंबर बघा, आणि सप्लिमेंटवर औषध म्हणून वापरण्यासाठी नाही असं लिहिणं बंधनकारक आहे, ते वाचा आणि मग विकणारा शुगर-बीपी-कॅन्सरबद्दल जे काही सांगतोय ते त्याच्या शेजारी ठेवून बघा.

नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही, हे तर सोडूनच द्या. गॅनोडर्माच्या पुडीने यकृताला इजा झाल्याच्या केसेस हाँगकाँग आणि थायलंडमधून छापून आल्यात, थायलंडमधली व्यक्ती दगावली. चागात ऑक्सलेट, ज्याचे किडनीत खडे बनतात, ते भरपूर असतं, जपानमध्ये २०१४ साली एका ७२ वर्षांच्या बाईंची किडनी सहा महिने रोज चागाची पूड घेऊन निकामी झाल्याची नोंद आहे, आपल्याकडे घामाने शरीर सुकतं, मुतखडे आधीच कमी नाहीत, तिथे हे जास्त जपावं. चीनच्या सरकारी यंत्रणेने २०१६ साली जंगली कॉर्डिसेप्समधल्या आर्सेनिकबद्दल इशारा दिला होता. रक्त पातळ करायची, शुगरची किंवा अवयव बदलल्यानंतरची औषधं घरात कोणाची चालू असतील तर पोराने आणलेली डबी आजीला देऊ नका, आधी डॉक्टरला विचारा. आणि स्पर्धेत खेळणाऱ्याने हे पण ध्यानात ठेवावं की सप्लिमेंटमध्ये भेसळ असली आणि डोपिंग टेस्टमध्ये सापडली तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

मग भरतीच्या पोरांनी पैसे कशावर घालावे? खाण्यावर. रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९५-९६ ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम मिळतं, बाकी अंडी, कुळीथ, चवळी, दूध. भात-भाकरीला घाबरू नका, १६०० मीटर त्याच्यावरच पळायचंय. कोकम, जांभळं, करवंदं, आंबा, तोंडली, लाल माठ हे अँटिऑक्सिडंट आहेतच, आणि जेवणातून आलेले असे अँटिऑक्सिडंट ट्रेनिंगच्या आड येतात असं दिसलेलं नाही, अडचण मोठ्या डोसच्या गोळ्यांची. पुरेशी झोप, आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी.

मशरूम आवडत असेल तर मस्त खा की! बाजारात धिंगरी मिळते, तिच्यात साध्या बटण मशरूमपेक्षा एर्गोथायोनीन जास्त असतं, कांद्यावर परता, खोबरं घाला. पावसात वारुळाजवळ येणारी अळंबी पण जाणत्या माणसाने ओळखून दिली असेल तर जरूर खावी, स्वतःच्या अंदाजाने कधीच तोडू नये. आणि एक राहिलं. नारळाच्या बुंध्याशी कधीकधी कडक, तांबूस-तपकिरी, वरून चकचकीत बुरशी येते, ती गॅनोडर्माच्याच कुळातली असते, आणि व्हिडिओ बघून ती कापून, उकळून काढा करायचा मोह कोणाला होत असेल तर कृपा करून करू नका. ती आलीय म्हणजे त्या माडाला मुळाशी कूज लागलीय, तेव्हा तिचा फोटो काढून तालुका कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या माणसांना दाखवा, बाजूचे माड तरी वाचतील.